जुना कोड खरंच गेला का? दाराच्या कीपॅडचा कोड बदलण्याची पद्धत

दाराशेजारच्या कीपॅडवर नवा कोड घातला, तो दाबून पाहिला, दार उघडलं. म्हणजे कोड बदलला, असं वाटणं साहजिक आहे. पण सोसायट्यांत बसवल्या जाणाऱ्या बहुतेक कीपॅडमध्ये नवा कोड जुन्याच्या जागी बसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. जुना तसाच चालू राहतो. वहीत तीनदा ‘कोड बदलला’ अशी नोंद असलेल्या इमारतीत चारही कोडांनी दार उघडतं, ते यामुळेच.

म्हणून कोड बदलणं हे एक काम नाही, चार कामं आहेत. नवा कोड घालायचा, ज्यांना हवा त्यांना सांगायचा, जुना काढायचा, आणि मग दाराबाहेर उभं राहून जुना कोड दाबून दार उघडत नाही हे बघायचं. पहिली दोन सगळे करतात. पुढची दोन राहून जातात.

बडोद्यात हे सर्वात लवकर कळतं ते गच्चीच्या दारावर. १४ जानेवारीला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण. दोन दिवस प्रत्येक घरी पाहुणे, पाहुण्यांचे मित्र, पतंग-फिरकी घेऊन येणारी पोरं, उंधियोचे डबे पोचवणारे. सगळ्यांना जिना चढताना कोड सांगितला जातो, बहुतेक वेळा खालून वर ओरडून. १६ तारखेला तो कोड कोणाकोणाला माहीत आहे हे कुणालाच सांगता येत नाही. यावर सोपा उपाय आहे: १३ तारखेला पाहुण्यांसाठी वेगळा कोड घाला आणि १६ला सकाळी तो काढा. घरच्यांचा कोड त्यात पडतच नाही. हे कसं करायचं ते पुढे येतंच. नवरात्रात मात्र याच्या उलट वागा. गरब्याहून लोक मध्यरात्रीनंतर परततात, त्या नऊ रात्रींत कोडाला हात लावू नका. निरोप न पोचलेलं एखादं कुटुंब लहान मुलांसह दाराबाहेर अडकेल.

आधी हातात काय आहे ते ओळखा

दारावर आकड्यांची बटणं दिसली की सगळं एकच वाटतं, पण प्रकार तीन आहेत आणि तिन्हींची रीत वेगळी.

पहिला प्रकार भिंतीवरचा कीपॅड. याला मागून तारा येतात, कुलूप दाराच्या वरच्या बाजूला वेगळं असतं (बहुधा मॅग्नेटिक लॉक), आत एक्झिट बटण असतं, आणि वीज १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायवरून येते. मांजलपूर, कारेलीबाग, गोत्रीकडच्या अपार्टमेंटच्या मुख्य दारांवर हाच प्रकार भेटतो. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

दुसरा दारातच बसवलेला, सेलवर चालणारा डिजिटल लॉक. घराच्या दाराला असतो. तिसरा पूर्ण यांत्रिक बटणांचा लॉक, त्यात वीजच नसते. या दोन्हींबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

भिंतीवरच्या कीपॅडमध्ये दोन जातीचे कोड असतात आणि नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. मास्टर कोडाने दार उघडायचं नसतं, त्याने कीपॅडच्या आत शिरून बदल करायचे असतात. दार उघडतो तो यूजर कोड. प्रत्येक यूजर कोड एका यूजर नंबरखाली साठवलेला असतो. हा नंबर म्हणजे खणाचा क्रमांक आणि कोड म्हणजे खणातली वस्तू. जुना कोड काढताना बहुतेक वेळा खणाचा क्रमांक लागतो, म्हणून तो लिहून ठेवलेला असणं महत्त्वाचं.

सुरू करण्यापूर्वी

मॅन्युअल शोधा. कागद हरवला असेल तर कीपॅडच्या मागच्या पत्र्यावर किंवा खोक्यावर मॉडेल नंबर असतो, त्यावरून सापडतो. खालचे आदेश या वर्गातल्या पुष्कळ कीपॅडना लागू पडतात, पण सगळ्यांना नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर मॅन्युअलच खरं.

दार उघडं ठेवून अडवा. लाकडाची पाचर, वीट, काहीही चालेल. एक माणूस आत, एक बाहेर. गच्चीच्या दाराशी काम असेल तर गच्चीवर एकट्याने राहून दार लावून ‘बघू उघडतं का’ हा प्रयोग करू नका. दाराला साधी किल्लीही असेल तर ती खिशात घ्या.

कागद-पेन घ्या आणि आकडे कीपॅडवर जसे छापलेले असतात तसेच, म्हणजे इंग्रजी वळणाने लिहा. हे क्षुल्लक वाटतं पण नाही. देवनागरी ४ घाईत इंग्रजी आठसारखा वाचला जातो आणि देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा. आपल्याकडे एकाच इमारतीत मराठी, गुजराती आणि इंग्रजी तिन्ही वळणांचे आकडे लिहिणारी माणसं राहतात. आजोबांनी चिठ्ठीवर लिहिलेला कोड नातवाने दाबला आणि कीपॅड ‘बिघडला’ अशी तक्रार आली, तर आधी चिठ्ठी बघा. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, दाबताना बटणावरचा इंग्रजी आकडा दाबायचा.

दोन बटणं लक्षात ठेवा: * म्हणजे स्टार आणि # म्हणजे हॅश. साधारणपणे स्टार म्हणजे ‘सुरू करा’ किंवा ‘बाहेर पडा’ आणि हॅश म्हणजे ‘झालं, घे’. काही कीपॅडवर यांच्या जागी घंटीचं चित्र आणि दुसरं एखादं चिन्ह असतं.

पायरी १: आत शिरणं

* दाबा, मास्टर कोड दाबा, # दाबा. मास्टर कोड कधीच बदलला नसेल तर कारखान्यातून आलेलाच असेल. बहुतेकदा तो ८८८८८८, ९९९९९९ किंवा १२३४५६ यांपैकी एक असतो. तो दाबल्यावर दिवा लुकलुकू लागला किंवा रंग बदलला की तुम्ही प्रोग्रॅमिंगमध्ये आलात.

आता घाई नको, पण रेंगाळूही नका. अनेक मॉडेलांत साधारण अर्धा मिनिट काहीच दाबलं नाही तर कीपॅड आपोआप बाहेर पडतो. मग तुम्ही पुढचा आदेश दाबता आणि कीपॅड त्याला चुकीचा यूजर कोड समजून नाराजीचे बीप देतो. असं झालं तर * पासून पुन्हा सुरू करा. नेहमीची खूण अशी की एक लांब किंवा स्पष्ट बीप म्हणजे मान्य, तीन तुटक बीप म्हणजे नामंजूर.

पायरी २: आधी मास्टर कोड

दाराचा कोड वर्षातून चारदा बदलणाऱ्या इमारतींतही मास्टर कोड पहिल्या दिवसापासून ८८८८८८ असतो. बसवणारा कारागीर तसाच ठेवून जातो, कारण दुरुस्तीला आल्यावर त्याला सोपं पडतं. पण कारखान्याचे मास्टर कोड मॅन्युअलमध्ये छापलेले असतात आणि मॅन्युअल कुणालाही मिळतं. ज्याला तो माहीत आहे तो अर्ध्या मिनिटात स्वतःचा कोड घालून जाऊ शकतो, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

प्रोग्रॅमिंगमध्ये असताना ० दाबा, नवा मास्टर कोड, #, पुन्हा तोच नवा मास्टर कोड, #. अनेक मॉडेलांत तो ६ ते ८ आकडी लागतो, काहींत नेमका ६. बीप आला की * दाबून बाहेर पडा आणि लगेच नव्या मास्टरने पुन्हा आत शिरून बघा. हे आत्ताच बघायचं. दोनदा दाबताना दोन्ही वेळा एकच चूक झाली असेल, तर नक्की काय दाबलं ते आत्ता आठवेल, महिन्याने नाही.

मास्टर कोड दोनच माणसांकडे असावा, सेक्रेटरी आणि कमिटीतला आणखी एक. तिसरी प्रत बंद पाकिटात, सोसायटीच्या कागदपत्रांबरोबर. वॉचमनला मास्टर देऊ नका. हा अविश्वास नव्हे. कुणी नवा कोड मागितला तर ‘माझ्या हातात नाही’ हे खरं उत्तर त्याच्यापाशी असलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक रहिवाशाचा आग्रह त्यालाच झेलावा लागतो.

पायरी ३: नवा यूजर कोड

प्रोग्रॅमिंगमध्ये १ दाबा, यूजर नंबर, #, नवा कोड, #. समजा फ्लॅट ३०२ साठी वेगळा कोड द्यायचा आहे. यूजर नंबर ३०२च घ्या: १, ३०२, #, कोड, #. कीपॅडची क्षमता ५०० किंवा त्याहून जास्त यूजरची असेल तर फ्लॅट नंबर हाच यूजर नंबर ही सर्वात चांगली सोय आहे. पुढे ते कुटुंब घर सोडून गेलं तर कोड काय होता हे कुणाला आठवायची गरज नाही, ३०२चा खण रिकामा केला की काम झालं. काही मॉडेलांत नंबर चार आकडीच लागतो, तिथे ०३०२ दाबा.

सगळ्या इमारतीला एकच कोड असेल तर तो यूजर नंबर १ वर ठेवा. घरकाम करणाऱ्या बाया, दूधवाला, पेपरवाला यांच्यासाठी ९०० पासून पुढचे नंबर राखा, पाहुण्यांचा उत्तरायणाचा कोड ९९० वर. क्षमता कमी असेल तर याच धर्तीवर लहान आकडे घ्या. महत्त्व पद्धतीला आहे, आकड्यांना नाही.

इथे तीन बीप आले तर बहुधा कारण दोनपैकी एक. तो खण आधीच भरलेला आहे, किंवा तोच कोड दुसऱ्या खणात आहे. पुष्कळ कीपॅड भरलेल्या खणावर दुसरा कोड लिहू देत नाहीत, आधी खण रिकामा करावा लागतो. शिवाय कित्येक कीपॅडमध्ये १२३४ हा कोड राखीव असतो. कार्ड आणि कोड दोन्ही लागणाऱ्या पद्धतीत नव्या कार्डाला सुरुवातीला तोच मिळतो. म्हणून १२३४ घालायला गेलात तर कीपॅड नाकारतो, आणि ते बरंच आहे.

पायरी ४: सांगायचा कसा

नवा कोड घातल्यावर दोन-तीन दिवस जुना आणि नवा दोन्ही चालू द्या. यालाच मुदत म्हणायचं, आणि मुदत संपायची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करायची. ‘शनिवारी रात्री नऊ वाजता जुना बंद’ असा कागद लिफ्टपाशी मराठी-गुजराती दोन्हींत लावा. कागदावर तारीख लिहा, कोड लिहू नका.

कोड सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये घर विकून गेलेले, मागच्या वर्षीचे भाडेकरू, कुणाचे मेहुणे अजून असतात. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आसपास, फतेगंज-निझामपुऱ्याकडे विद्यार्थ्यांना घरं देणाऱ्या इमारतींत तर दर उन्हाळ्यात माणसं बदलतात आणि ग्रुप तोच राहतो. प्रत्येक घरी जाऊन तोंडी सांगणं किंवा घरमालकालाच फोन करणं जास्त कष्टाचं आहे, पण वीस-पंचवीस घरांच्या इमारतीत एका संध्याकाळचं काम आहे. भाडेकरूचा कोड घरमालकाकरवी जाऊ द्या, म्हणजे घर रिकामं झाल्याचं कळवण्याची जबाबदारीही त्याच्यावर राहते.

पायरी ५: जुना काढणं

जाहीर केलेल्या वेळी प्रोग्रॅमिंगमध्ये शिरा, २ दाबा, जुन्या कोडाचा यूजर नंबर, #. बीप. * दाबून बाहेर.

नंबर माहीत नसेल तर? काही मॉडेलांत २ नंतर जुना कोडच टाइप करून # दाबला की तो निघतो. तेही चालत नसेल तर सगळे यूजर एकदम पुसण्याचा आदेश असतो. तो मॉडेलागणिक वेगळा आहे आणि मॅन्युअल समोर असल्याशिवाय वापरायचा नाही, कारण त्याने कार्डं आणि किल्लीला लावायचे टॅगही (कीपॅडजवळ धरले की दार उघडणारे) पुसले जातात. प्रत्येक घराचे टॅग पुन्हा गोळा करून एकेक नोंदवावे लागतात. तरीही ज्या इमारतीत पाच-सात वर्षांत कोणी काय घातलं याची नोंदच नाही, तिथे एकदा हे करणंच योग्य. रविवारची सकाळ धरा, सगळ्यांना टॅग घेऊन खाली बोलवा, आणि कोऱ्या पाटीवर सुरू करा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वीज बंद करून चालू केल्याने कोड जात नाहीत. ते कीपॅडच्या कायम स्मृतीत असतात, आठवडाभर वीज नसली तरी टिकतात. इतकंच नव्हे, फॅक्टरी रिसेटनेही कित्येक मॉडेलांत फक्त मास्टर कोड आणि सेटिंग मूळपदावर येतात, यूजर कोड आणि कार्डं तशीच राहतात. रिसेट केला म्हणजे सगळं साफ झालं असं समजून बसलेल्या इमारतीचे जुने कोड जिवंत असतात.

पायरी ६: बाहेर उभं राहून तपासणी

दार लावा, एक जण आत. बाहेरून याच क्रमाने: जुना कोड दाबा, नामंजूर व्हायला हवा. त्याआधीचा कोड आठवत असेल तर तोही दाबा. ८८८८८८, १२३४, ०००० दाबून पहा. मग नवा कोड, दार उघडायला हवं. मग एक टॅग. मग आतून एक्झिट बटण.

काही कीपॅड ठरावीक वेळा चुकीचा कोड आला की काही मिनिटं बंद पडतात किंवा गजर करतात. चुकीचे कोड सलग दाबताना तसं झालं तर घाबरू नका, थांबा. उलट ही सोय तुमच्या कीपॅडमध्ये बंद असेल तर मॅन्युअलप्रमाणे चालू करा. ती नसेल तर एखादा उपद्व्यापी माणूस दुपारभर आकडे दाबत बसू शकतो.

कोड कसा निवडावा

चार आकडी कोड १०,००० होऊ शकतात, सहा आकडी १० लाख. पण माणसं त्यातले मोजकेच निवडतात. इमारतीचा पिन कोड (बडोद्यातला ३९० ने सुरू होणारा), एस.टी.डी. कोड ०२६५, गाडीच्या नंबरातला ०६, इमारत बांधल्याचं साल, १९४७. बाहेरचा माणूसही हेच आधी दाबून बघेल.

झीज हा दुसरा शत्रू. धातूच्या बटणांवर बोटांची चमक येते, रबरी बटणांवरचा रंग जातो. तोच कोड दोन वर्षं राहिला तर कोणती चार बटणं वापरात आहेत हे लांबूनही दिसतं, आणि चार वेगळ्या आकड्यांचे क्रम २४च होतात. गंमत अशी की एक आकडा दोनदा वापरला तर तीनच बटणं झिजतात, पण शक्यता ३६ होतात, कारण दोनदा कोणता आला हे दिसत नाही. दोनच आकडे घेतले तर मात्र शक्यता १४वर येतात. तेव्हा चार आकडी कोडात एक आकडा दोनदा घ्यायला हरकत नाही, आणि नव्या कोडात जुन्यातला एखादाच आकडा ठेवा म्हणजे झीज सगळीकडे पसरते. जमत असेल तर सहा आकडी कोड घ्या, पण घरातल्या ज्येष्ठांना तो पाठ होत नसेल तर त्यांच्यासाठी टॅग नोंदवा. भिंतीवर पेन्सिलने लिहिलेल्या सहा आकडी कोडापेक्षा लक्षात राहणारा चार आकडी बरा.

मास्टर कोड हरवला असेल तर

रिसेट करावा लागतो, आणि तो आतल्या बाजूने, वीज हाताशी असतानाच करता येतो. अनेक मॉडेलांची रीत अशी: कीपॅडची वीज बंद करा, आतलं एक्झिट बटण दाबून धरा, धरलेलं असतानाच वीज चालू करा, दोन बीप आले की सोडा. मास्टर कोड कारखान्याचा झाला. काही मॉडेलांत यासाठी कीपॅड भिंतीवरून काढून मागच्या दोन पिना जोडाव्या लागतात.

कीपॅड काढायचा तर खालच्या कडेला एक स्क्रू असतो, बहुधा ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा, त्याचा पाना खोक्यात मिळालेला असतो. मागचं झाकण सुटताच कीपॅड जोरात वाजू लागला तर तो बिघाड नाही. मागे उजेड ओळखणारा सेन्सर असतो, कुणी कीपॅड उचकटला तर गजर व्हावा म्हणून. पॉवर सप्लायची पेटी उघडायची असेल तर आधी एम.सी.बी. पाडा. कीपॅडला १२ व्होल्ट जातात, पण पेटीत २३० व्होल्ट असतात. विजेच्या कामाची सवय नसेल तर पेटी इलेक्ट्रिशियनलाच उघडू द्या.

कोड बरोबर, तरी दार हट्टी

हिरवा दिवा लागला, बीप आला, म्हणजे कीपॅडने त्याचं काम केलं. पुढचा दोष कुलपाचा, तारांचा किंवा विजेचा असतो. कोड पुन्हापुन्हा बदलत बसू नका.

मॅग्नेटिक लॉकला बंद राहण्यासाठी वीज लागते. वीज गेली की तो सुटतो. म्हणून वीज कमी पडली की दार उघडत नाही असं होत नाही, उलट लावलेलं दार हाताने ओढल्यावर निघतं. तेव्हा बघा: २८० किलोची पकड असलेला नेहमीचा लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपियर घेतो. पॉवर सप्लायपासून दार २० मीटर दूर असेल आणि ओढलेली तार ०.२२ चौरस मिलिमीटरची बारीक अलार्मची असेल, तर जाता-येता ४० मीटर तारेत दीड व्होल्टच्या आसपास गळतो. लॉकपाशी साडेदहाच उरतात. लॉक जोडलेला असताना त्याच्याच टर्मिनलवर मल्टीमीटर लावा, ११.५ पेक्षा कमी दिसलं तर १ चौरस मिलिमीटरची तार ओढून घ्या. लॉकच्या आणि तो ज्या लोखंडी पट्टीला धरतो तिच्या समोरासमोरच्या पृष्ठभागावर धूळ किंवा गंज असला तरी पकड घटते. कोरड्या फडक्याने पुसा, सँडपेपर लावू नका. पट्टीमागचा रबरी वॉशर काढलेला असेल तर तो परत बसवा, पट्टीला थोडं हलता यायला हवं.

चौकटीत बसणाऱ्या स्ट्राइक लॉकचं बहुधा उलट असतं. तो वीज मिळाल्यावर उघडतो. दिवा हिरवा होऊनही तो उघडत नसेल तर दार पुढे ढकलून पुन्हा कोड दाबा. तेवढ्याने उघडलं तर दार चौकटीत घट्ट झालंय आणि जीभ दाबली जातेय. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात तेव्हा हे हमखास होतं.

दार एकदा उघडल्यावर बंदच होत नसेल, किंवा एकदा कोड दाबल्यावर उघडं आणि पुन्हा दाबल्यावर बंद असं होत असेल, तर रिलेची, म्हणजे कुलूप चालू-बंद करणाऱ्या कीपॅडमधल्या स्विचची, वेळ पाहा. अनेक कीपॅडमध्ये ती ४ नंतर सेकंद आणि # अशी घालतात, आणि ० सेकंद म्हणजे ‘पुढचा कोड येईपर्यंत तसंच’ असा अर्थ काही मॉडेल लावतात. मुख्य दाराला ५ सेकंद पुरतात. काठी घेऊन चालणारी माणसं असतील तर ८ ते १०.

नव्याने जोडणी करून घेत असाल तर कारागिराला एक विचारा: लॉकच्या दोन टोकांवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावलाय का? लॉक बंद-चालू होताना उलटा झटका येतो आणि तो कीपॅडच्या रिलेला हळूहळू खातो. १एन४००७ हा डायोड काही रुपयांत मिळतो. त्याच्या पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावला तर वीज थेट शॉर्ट होते.

वीज गेल्यावर दार किती वेळ धरून राहील हेही विचारा. पॉवर सप्लायमध्ये ७ अँपियर-तासाची बॅटरी असेल आणि लॉक-कीपॅड मिळून ०.६ अँपियर घेत असतील तर कागदावर साडेअकरा तास होतात. प्रत्यक्षात बॅटरी जुनी झाल्यावर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. तीनेक वर्षांनी ती बदलावीच लागते. आतून बाहेर पडायला मात्र कधीही, कोणत्याही दारावर कोड लागता कामा नये. आग लागली तर गच्चीकडे धावणाऱ्या माणसाला आकडे आठवत नाहीत.

पाऊस आणि ऊन

दाराबाहेरच्या कीपॅडला छोटं छप्पर हवं. सिलिकॉन लावताना वरची आणि दोन्ही बाजूंची कड बुजवा, खालची मोकळी सोडा. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा हवी. चारही बाजू बुजवलेल्या कीपॅडमध्ये वाफ साठून सर्किट हिरवं पडतं. पहिल्या पावसानंतर मुंग्या भिंतीतल्या तारेच्या भोकातून आत घर करतात, ते भोकही मागून बुजवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पश्चिमेच्या भिंतीवरचा धातूचा कीपॅड दुपारी हात लावू देत नाही, आणि टच कीपॅड घामट बोटाचा एक आकडा कधी दोनदा घेतो. ‘दुपारी कोड चालत नाही, रात्री चालतो’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं.

विश्वामित्रीच्या पुराने २०१९ मध्ये आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या सखल भागांत तळमजले पाण्याखाली गेले. अशा भागात पॉवर सप्लायची पेटी मीटरखोलीत जमिनीलगत ठेवू नका, पहिल्या मजल्याच्या जिन्यावर घ्या. पाण्यात गेलेली पेटी सुकली असं वाटलं तरी इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय चालू करू नका. कीपॅड कोरडा राहिला असेल तर त्यातले कोड शाबूत असतात.

सेलवरचा डिजिटल लॉक आणि यांत्रिक लॉक

घराच्या दारावरच्या डिजिटल लॉकमध्ये बदल आतल्या बाजूने होतो. बॅटरीचं झाकण काढल्यावर नोंदणीचं छोटं बटण दिसतं. ते दाबून, मास्टर कोड देऊन, नवा कोड दोनदा घालायचा अशी सर्वसाधारण रीत आहे. काम दार उघडं ठेवूनच करा. सेल बहुधा चार एए लागतात. ते अल्कलाइनच घ्या, सगळे एकदम बदला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे सेल संपत आल्याची सूचना चुकीच्या वेळी येते. सेल पूर्ण संपले आणि तुम्ही बाहेर असाल तर पुष्कळ लॉकांच्या खालच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात. ९ व्होल्टचा चौकोनी सेल त्यांना टेकवून धरा आणि कोड दाबा. तसा एक सेल शेजाऱ्यांकडे ठेवून द्या, घरात ठेवून उपयोग नाही.

यांत्रिक लॉकमध्ये कोडाचा क्रम बहुधा महत्त्वाचा नसतो, कोणती बटणं दाबली एवढंच तो बघतो. त्यामुळे दहा बटणांतली चार निवडली तर शक्यता २१०च. दुकानाच्या मागच्या खोलीला ठीक, घराच्या मुख्य दाराला नाही. कोड बदलायला लॉक दारावरून उतरवून मागची पट्टी उघडावी लागते आणि आतले छोटे खिळे चिमट्याने अदलाबदल करावे लागतात. नेहमीच्या रचनेत एका रंगाचे खिळे कोडाचे आणि दुसऱ्या रंगाचे बाकीच्या बटणांचे असतात. पट्टी उघडी असताना बटणं दाबू नका, स्प्रिंगा उडतात. पांढऱ्या कापडावर काम करा, म्हणजे उडालेली सापडते. पट्टी लावल्यावर, दारावर चढवण्यापूर्वी, हातातच नवा कोड दाबून जीभ फिरते का पाहा, आणि मग जुना दाबून ती फिरत नाही हेही.

नोंदवही

साधी शंभर पानी वही पुरते. रकाने पाच: यूजर नंबर, कोणासाठी, घातल्याची तारीख, काढल्याची तारीख, काढल्यावर जुना दाबून पाहणाऱ्याची सही. कोड स्वतः या वहीत लिहायचा नाही. पाचवा रकाना रिकामा असलेली ओळ म्हणजे चालू कोड. दर तीन महिन्यांनी वही उघडून अशा ओळी मोजा, आणि त्यातलं जे माणूस आता इमारतीत नाही त्याचा खण त्याच दिवशी रिकामा करा.